शेवटचा सूर आणि पहिली टाळी

ऑस्ट्रियन संगीतकार गुस्टाव माहलरच्या नवव्या सिंफनीचं शेवटचं पान उघडलं तर ते जवळजवळ कोरं दिसतं. तासाभराहून अधिक काळ सभागृह हलवून सोडणारे ट्रॉम्बोन, ट्रंपेट, हॉर्न, टिंपानी, सगळे गप्प. बासऱ्या, ओबो, क्लॅरिनेटही थांबलेले. उरतात ती फक्त तंतुवाद्यं, तीही म्यूट, म्हणजे आवाज दबवणारा चिमटा, लावून. अवघे २७ बार, म्हणजे मात्रांचे २७ गट, पण लय इतकी संथ की ते पार करायला पाच-सहा मिनिटं लागतात. सुरावटीचे तुकडे पडत जातात, दोन तुकड्यांमधली मोकळी जागा वाढत जाते, शेवटी व्हायोला (व्हायोलिनपेक्षा जरा मोठी, खालच्या सुरांची वाद्यं) एक लहानशी गिरकी घेतात आणि थांबतात. तिथे माहलरने एकच जर्मन शब्द लिहिला आहे: एर्स्टरबेंड. विझत जाणारं.

यापुढचं स्कोअरमध्ये, म्हणजे संगीताच्या लिखित प्रतीत, लिहिलेलं नाही. ते श्रोते वाजवतात.

ऑगस्ट २०१० मध्ये ल्युसर्नच्या महोत्सवात कंडक्टर क्लाउडिओ आबादोने ही सिंफनी सादर केली. शेवटच्या पानाबरोबर सभागृहातले दिवेही हळूहळू मंद होत गेले. शेवटचा सूर सरला आणि त्यानंतर दोन मिनिटांहून जास्त वेळ कुणी टाळी वाजवली नाही. त्याचं चित्रीकरण उपलब्ध आहे. संगीत संपल्यावरही ते बघत राहावं, कारण त्या दोन मिनिटांत बरंच काही घडतं: वादकांचे गज तारांवरच टेकलेले राहतात, आबादोचा हात खाली यायला फार वेळ घेतो, आणि पावणेदोन हजारांच्या आसपास माणसं एकमेकांना न विचारता एकच गोष्ट करत राहतात, म्हणजे काहीच करत नाहीत.

‘सभागृहात सूर रेंगाळत होता’ असं अशा वेळी लिहिलं जातं. वाक्य छान आहे, पण हिशेबात बसत नाही. सिंफनीसाठी नावाजलेल्या सभागृहांत, म्हणजे व्हिएन्नाचं १८७० चं म्यूझिकफेराइन किंवा अ‍ॅमस्टरडॅमचं १८८८ चं कॉन्सर्टखेबाऊ, निनाद साधारण दोन सेकंद टिकतो. या दोन सेकंदांचा अर्थ असा, की आवाज थांबल्यावर त्याची पातळी ६० डेसिबलने खाली यायला तेवढा वेळ लागतो. पूर्ण ऑर्केस्ट्रा गर्जून थांबला तर ते दोन्ही सेकंद ऐकू येतात. पण म्यूट लावलेल्या व्हायोलांचा शेवटचा सूर मुळातच ३५ डेसिबलच्या आसपास असेल आणि खोलीची स्वतःची घरघर २० च्या आसपास असेल, तर उतरायला जागा पंधराच डेसिबलची. म्हणजे अर्ध्या सेकंदात सूर खोलीच्या आवाजात बुडतो. इमारतीचा वाटा तेवढाच. बाकी सगळी शांतता माणसांची.

आणि ती आपोआप होत नाही. शेवटचे बार वाजवणं हे गजाच्या दृष्टीने फार अवघड काम आहे. इतक्या हळू आणि इतक्या हलक्या दाबाने गज ओढला की तो थरथरतो, आणि ती थरथर सुरात ऐकू येते. गज वाचवायला जावं तर सूर तुटतो. दाब वाढवला तर आवाज चढतो. म्हणून अनेक ऑर्केस्ट्रांत इथे सगळ्यांनी एकदमच गज उलटवण्याचा नियम सोडून देतात, ज्याला जिथे सोयीचं पडेल तिथे त्याने गुपचूप उलटवायचा. गज घोडीपासून लांब, पट्टीच्या बाजूला सरकवतात म्हणजे आवाज धूसर होतो. एवढं करूनही एखादा गट अर्ध्या क्षणाने उशिरा शिरतो, कारण इतक्या मंद सुरात ‘आता’ नेमकं कुठे आहे हे कंडक्टरच्या हातावरून कळत नाही, शेजाऱ्याच्या श्वासावरून कळतं. श्रोत्यांना यातलं काही माहीत असण्याची गरज नसते. वादकाने रोखलेला श्वास तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो, तिसरी रांग श्वास रोखते, तो पंधराव्या रांगेपर्यंत जातो.

शेवटच्या सुरानंतर कंडक्टरच्या हातात एकच हत्यार उरतं, ते म्हणजे हात. हात वर आहे तोवर सिंफनी चालू आहे. पण हे हत्यार फार काळ चालत नाही. दहा-बारा सेकंदांनंतर वर धरलेला हात नाटकी वाटू लागतो आणि लोक शांतता ऐकायचं सोडून हात बघायला लागतात. चांगला कंडक्टर हात झटकन खाली टाकत नाही आणि ताठ धरूनही ठेवत नाही, तो इतका हळू उतरवतो की नेमका कधी उतरला ते कुणी सांगू शकणार नाही.

मग येतो ‘ब्राव्हो’वाला. प्रत्येक सभागृहात एक असतोच. शेवटचा सूर पुरता विझायच्या आत तो ओरडतो. त्याला संगीत आवडलेलं नसतं असं नाही. पण आपल्याला शेवट कुठे आहे ते ठाऊक आहे, हे इतरांच्या आधी जाहीर करण्याची ऊर्मी त्याला आवरत नाही. स्पर्धाच म्हणा. रशियन संगीतकार चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीच्या शेवटी तो खपून जातो, कारण तिथे अख्खा ऑर्केस्ट्राच ओरडत असतो. नवव्याच्या शेवटी मात्र त्याने वाद्यवृंदाच्या ऐंशी मिनिटांच्या कामातली शेवटची ओळ खोडलेली असते.

खोकला हे वेगळं प्रकरण आहे. त्याबद्दल लोकांची चिडचिड होते, पण त्यामागचं यंत्र क्वचितच समजून घेतलं जातं. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलच्या कार्यक्रमपत्रिकेत पूर्वी एक सूचना छापलेली असे: हॉर्नवर मध्यम जोराने वाजवलेला सूर मोजला तर सुमारे ६५ डेसिबल भरला, आणि तोंडावर काही न धरता काढलेला एक खोकलाही तेवढाच. तोंडाशी रुमाल धरला तर ‘पियानिसिमो’ (अगदी हलका आवाज) साधायला मदत होते, असं पुढे इंग्रजी मिश्कीलपणे लिहिलेलं असे. मिश्कील असलं तरी गणित बरोबर आहे. ३५ डेसिबलच्या सुरावर ६५ चा खोकला म्हणजे व्हायोलांच्या शेवटच्या गिरकीवर हॉर्नवाल्याने स्वतःच्या मर्जीने मारलेली फुंकर.

माणसं खोकतात ती बहुधा घसा खराब म्हणून नाही. दीर्घ शांत भागात श्वास उथळ होतो, तोंड किंचित उघडं राहतं, घसा कोरडा पडतो. त्यातच ‘आता खोकायचं नाही’ हे मनात आलं की घशाकडेच लक्ष जातं. नवव्याचा पहिला भाग २५ ते ३० मिनिटांचा आहे, म्हणून तो संपताच जो खोकल्यांचा पाऊस पडतो तो सगळा साठवलेला असतो, आणि एकाचा ऐकून दुसऱ्याला येतो. यावर उपाय साधे आहेत. खोकल्याची गोळी आधीच कागदातून काढून रुमालात ठेवायची. कागद हळू सोडला की आवाज कमी होतो हा गैरसमज आहे, तो फक्त लांबतो. येणारा खोकला दाबून बारीक बारीक सोडण्यापेक्षा ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, जोरात असताना एकदाच, कोपरात, काढून टाकावा. तिसऱ्या भागात त्यासाठी हवी तेवढी जागा आहे. तिथे कुणाला कळणारही नाही.

फोनबद्दल मात्र दयामाया नाही, पण एक तांत्रिक गोष्ट सांगायला हवी. १० जानेवारी २०१२ रोजी न्यूयॉर्क फिलहार्मोनिक हीच सिंफनी वाजवत असताना शेवटच्या भागाच्या अगदी मंद टप्प्यावर पुढच्या रांगेतून मरिंबाची रिंगटोन सुरू झाली आणि थांबेना. कंडक्टर अ‍ॅलन गिल्बर्टने ऑर्केस्ट्रा थांबवला, फोन बंद होईपर्यंत वाट पाहिली, आणि मागच्या एका मोठ्या आवाजाच्या जागेपासून पुन्हा सुरुवात केली. तो फोन सायलेंटवर होता. वाजला तो अलार्म, असं नंतर छापून आलं. सायलेंट आणि बंद यांतला हा फरक. गिल्बर्टने मागे जाऊन सुरुवात केली ते शहाणपणाचं होतं. तुटलेली शांतता तुटल्या जागेपासून पुढे सुरू करता येत नाही, ती उतरणीवरूनच गाठावी लागते.

टाळ्यांच्या बाबतीत आजचा श्रोता बिचारा दुहेरी कात्रीत असतो. दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवली तर शेजारी वळून बघतात, न वाजवावी तर हात शिवशिवतात. हा नियम फार जुना असल्यासारखा सांगितला जातो, पण ज्या काळात या सिंफन्या लिहिल्या गेल्या त्या काळातले श्रोते तो सर्रास मोडत, किंबहुना तो होताच कुठे. ७ मार्च १८९७ रोजी व्हिएन्नात हान्स रिख्टरने ब्राम्सची चौथी सिंफनी सादर केली तेव्हा प्रत्येक भागानंतर टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यांना दिसत होतं की बॉक्समध्ये उभा असलेला ब्राम्स आजाराने पार खंगलेला आहे. ३ एप्रिलला तो गेला. त्या दिवशी ‘चारही भाग होईपर्यंत थांबा’ असं कुणी म्हटलं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

नियम बदलण्यात ज्यांचा हात होता त्यांत माहलर स्वतः होता. १८९७ मध्ये व्हिएन्नाच्या ऑपेराचा कारभार हाती आल्यावर त्याने पैसे घेऊन टाळ्या वाजवणाऱ्या टोळ्यांवर बंदी घातली आणि उशिरा येणाऱ्यांना प्रवेश चालू असताना आत सोडणं थांबवलं. दुसऱ्या सिंफनीच्या पहिल्या भागानंतर किमान पाच मिनिटांचा विराम घ्यावा असं त्याने स्कोअरमध्येच लिहून ठेवलं. श्रोत्यांची शांतता तो वाद्यासारखी मोजून मागत होता. प्रत्यक्षात ही पाच मिनिटं क्वचितच पाळली जातात. त्या जागेत गायिकांना आणि समूहगायकांना आत आणतात, कुणी सूर लावून घेतात, आणि श्रोते पत्रिका चाळतात. पाच मिनिटं गप्प बसवण्याचं धाडस कंडक्टरना होत नाही, आणि तो दोष श्रोत्यांचा आहे असं मला वाटत नाही.

टाळीचा खरा सापळा रचलाय तो चायकोव्हस्कीने. त्याच्या सहाव्या सिंफनीचा तिसरा भाग मार्चच्या चालीत चढत चढत अशा दणक्यात संपतो की तो शेवटच वाटतो. झांजा, ब्रास, टिंपानी, सगळे नियम शेवटचे. आणि त्यानंतर येतो खरा शेवट, संथ, बी मायनर या उदास छटेच्या स्केलमधला विलाप. टाळी पडतेच. जाणकार नाकं मुरडतात. माझ्या मते इथे टाळी न पडणंच अनैसर्गिक आहे. प्रश्न आहे तो पुढच्या सुराचा. ज्या कंडक्टरला टाळी नको असते तो डावा हात वर ठेवूनच उजव्याने पुढचा भाग सुरू करतो, थेट, श्वासही न घेता. जमलं तर जबरदस्त परिणाम होतो. न जमलं तर विलापाचे पहिले दोन बार टाळ्यांखाली चिरडले जातात, आणि ते दोन बार गमावणं परवडण्यासारखं नाही.

कारण त्या बारांमध्ये चायकोव्हस्कीने श्रोत्याच्या कानाला थेट कामाला लावलं आहे. आपल्याला ऐकू येते ती उतरत जाणारी सुरावट कुठलाच गट वाजवत नसतो. एक सूर पहिल्या व्हायोलिनांचा, पुढचा दुसऱ्या व्हायोलिनांचा, मग पुन्हा पहिल्यांचा. प्रत्येक गटाचा कागद वेगळा वाचला तर सुरावट नाहीच, नुसत्या वेड्यावाकड्या उड्या. ती जुळते श्रोत्याच्या डोक्यात. पुढे तीच सुरावट परत येते तेव्हा मात्र पहिले व्हायोलिन ती सरळ वाजवतात. दोन्ही गट एकाच बाजूला बसलेले असले तर हा फरक जवळजवळ पुसला जातो. एक गट कंडक्टरच्या डावीकडे आणि दुसरा उजवीकडे असला, जशी त्या काळी पद्धत होती, तर सूर रंगमंचावर इकडून तिकडे फेकला जाताना ऐकू येतो आणि अस्वस्थ व्हायला होतं. माहलरच्या नवव्यातही पहिल्या भागाची मुख्य सुरावट सुरू होते ती दुसऱ्या व्हायोलिनांपासून. एक पायरी उतरणारे दोन सूर, ‘येतो’ म्हणून निघणाऱ्याच्या स्वरात, आणि पहिले व्हायोलिन मागून येऊन त्यात सामील होतात. बैठक समोरासमोर असेल तर मुख्य गोष्ट अनपेक्षित बाजूने सुरू होते. एकाच बाजूला असेल तर श्रोत्याला वाटतं, व्हायोलिन वाजताहेत.

इथूनच मध्यंतरातल्या आणि बाहेर पडतानाच्या वादांकडे वळता येतं. एक म्हणतो ब्रासने सगळं गिळलं, दुसरा म्हणतो छे, आज तंतुवाद्यं काय सुरेख होती. दोघंही खरं बोलत असतात, पण दोघांनी वेगळ्या खुर्च्यांवर बसून वेगळ्या सिंफन्या ऐकलेल्या असतात. खालच्या मजल्यावर पहिल्या पाच-सहा रांगांत तंतुवाद्यं अंगावर येतात, लाकडी वाद्यं त्यांच्या आड जातात, आणि पायऱ्यांवर उंच बसलेल्या ब्रासचा आवाज डोक्यावरून निघून जातो. मधल्या रांगांत तोल सुधारतो, पण एक छुपा तोटा असतो: खुर्च्यांच्या रांगांना घासत जाणाऱ्या आवाजातून १०० ते ३०० हर्ट्झच्या आसपासचा पट्टा बराचसा खाल्ला जातो, म्हणजे चेलो आणि डबल बेसची ऊब कमी होते. वरच्या बाल्कनीत हा त्रास फारसा नाही, म्हणून तिथलं स्वस्त तिकीट माहलरसाठी कित्येकदा जास्त चांगलं. बाल्कनीच्या खाली, मागे खोल गेलेल्या रांगा मात्र टाळाव्यात. छत ठेंगणं असल्यामुळे तिथे निनाद पोचतच नाही, आणि ऑर्केस्ट्रा शेजारच्या खोलीत वाजतोय असं वाटतं.

ऑर्केस्ट्राच्या मागे बसणाऱ्यांची गोष्ट आणखी निराळी. बर्लिनच्या १९६३ च्या फिलहार्मोनीपासून प्रेक्षकांनी ऑर्केस्ट्राला चहूबाजूंनी वेढायची रचना रूढ झाली. मागच्या जागेवरून कंडक्टरचा चेहरा दिसतो, हा मोठाच लाभ. पण हॉर्नचं तोंड मागे वळलेलं असतं. इतर सगळ्यांना भिंतीवरून परतून येणारा मऊ हॉर्न मागच्यांना थेट मिळतो. तिथे बसून ‘हॉर्न फार होता’ म्हणणं म्हणजे धबधब्याखाली उभं राहून पाणी फार आहे म्हणणं.

लयीवरून होणारे वाद जास्त खोल जातात. ब्रूनो वाल्टरने १९३८ मध्ये व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर नववी सिंफनी वाजवली तेव्हा शेवटचा भाग साधारण १८ मिनिटांत संपला. लेनर्ड बर्नस्टाइनने १९८५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्राबरोबर तोच भाग साडेएकोणतीस मिनिटांपर्यंत ताणला. सूर तेच, बार तेच. वाल्टर माहलरचा जवळचा सहकारी, या सिंफनीचा पहिला प्रयोगही त्यानेच २६ जून १९१२ रोजी केला होता. म्हणून त्याचंच बरोबर असं म्हणता येत नाही, कारण माहलरने ही सिंफनी कधी ऐकलीच नाही. १८ मे १९११ ला तो गेला. स्वतःची प्रत्येक सिंफनी तालमीत ऐकून दुरुस्त करत राहणारा हा माणूस, आणि इथे एकही दुरुस्ती नाही. तेव्हा मोकळीक आहे. पण श्रोत्याला ताण वेगवेगळा पडतो. १८ मिनिटांत एक वाक्य दुसऱ्याला जोडलेलं राहतं, माणूस गाण्याचा धागा धरून शेवटापर्यंत जातो. जवळजवळ तीस मिनिटांत प्रत्येक सूर आपापली खोली होतो. ज्याला ते मानवतं तो हरवून जातो, ज्याला मानवत नाही तो विसाव्या मिनिटाला पाय बदलायला लागतो. पाय बदलणारा श्रोता अरसिक असतो असं मानायचं कारण नाही. बहुधा वादकांचेच गज संपत आलेले असतात आणि सुरातली ओढ तुटलेली असते, ती त्याला बरोबर जाणवते.

दुसऱ्या भागाबद्दल ‘कंटाळा आला’ ही तक्रार सगळ्यात जास्त येते, आणि तिचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं. तो भाग लेंडलर या खेडवळ नाचाचा, आणि त्यात तीन निरनिराळ्या लयी आहेत: जाडाभरडा नाच, वेगाने घुमणारा वॉल्ट्झ, आणि एक अगदी संथ. माहलरने सुरुवातीलाच ‘जरा धांदरट आणि फार रांगडं’ असं बजावलंय. कंडक्टरने तिन्ही लयी सभ्य करून एकमेकींजवळ आणल्या की सोळा मिनिटांचं गुळमुळीत काहीतरी तयार होतं. रांगडेपणा नीट वाजला तर लोकांच्या ओठांवर हसू येतं आणि लगेच हसावं की नाही अशी शंका. हा गोंधळ माहलरच्या श्रोत्यांना पहिल्या दिवसापासून आहे. २० नोव्हेंबर १८८९ ला बुडापेस्टमध्ये त्याची पहिली सिंफनी वाजली तेव्हा पूर्वार्ध लोकांनी गोड मानून घेतला. मग एका बालगीताची चाल मायनरमध्ये, अंत्ययात्रेच्या लयीत सुरू झाली आणि सभागृह बिथरलं. थट्टा असेल तर हसायचं, शोक असेल तर गंभीर व्हायचं. दोन्ही एकदम असेल तर चेहऱ्याचं काय करायचं?

नापसंती दाखवण्याची सगळ्यात जुनी रीत म्हणजे उठून जाणं. १६ डिसेंबर १८७७ ला व्हिएन्नात ब्रुकनरने स्वतः आपली तिसरी सिंफनी वाजवली, आणि प्रत्येक भागानंतर माणसं उठत गेली. शेवटी मूठभर तरुण उरले. त्यांत सतरा वर्षांचा माहलर होता. पुढे त्याच सिंफनीची पियानोसाठीची मांडणी तयार करण्यातही त्याचा हात होता. ब्रुकनरचं ऐकताना एक गोष्ट ठाऊक असली की बरं. तो ऑर्गनवादक होता, चर्चच्या लांबलचक निनादात वाढलेला. मोठा आवाज चढवून तो अचानक सगळ्यांना थांबवतो, आणि त्या थांब्यात मागचा सूर विरू देतो. कोरड्या सभागृहात त्या थांब्यात ऐकायला काहीच उरत नाही, मग लोक चुळबुळतात, एखादी चुकार टाळीही पडते. दोष खोलीचा असतो.

अश्रूंबद्दल बोलायला लोक कचरतात, पण त्यावर अभ्यास झालेला आहे. १९९१ मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन स्लोबोडा यांनी ८३ श्रोत्यांना विचारलं, की कुठल्या जागी नेमकं काय होतं. डोळे भरून येणाऱ्या जागांत एक ठरावीक घडण वारंवार सापडली: मूळ स्वरमेळात न बसणारा सूर ठाशीवपणे लागतो, क्षणभर खुपतो, मग एक पायरी उतरून जागेवर बसतो. शहारे आणणाऱ्या जागा वेगळ्या, तिथे स्वरमेळ अनपेक्षितपणे पालटलेला असतो. नवव्याचा शेवटचा भाग या दोन्हींनी खच्चून भरलेला आहे. सुरुवातीला नुसते व्हायोलिन दोन बार मोठ्याने उतरतात, आणि मग तंतुवाद्यांचा सगळा भार डी फ्लॅटमध्ये येऊन पडतो. सिंफनी सुरू झाली होती डीमध्ये. म्हणजे घर अर्ध्या पायरीने खचलंय. स्केलची नावं माहीत नसलेल्यालाही ते खचणं जाणवतं. पुढे कळसाच्या जागी सगळे थांबतात आणि फक्त व्हायोलिन उंचावर एक सूर पूर्ण जोरात धरून ठेवतात, खाली काहीही आधार नसताना. शहारे यायचेच असतील तर बहुतेक तिथे येतात. आणि ज्याला ती जागा येणार हे ठाऊक आहे त्याला जरा आधीपासूनच यायला लागतात. २०११ मध्ये मॉन्ट्रियलच्या संशोधकांना, हमखास शहारे येणाऱ्या श्रोत्यांच्या मेंदूत, कळसाच्या क्षणाआधीच्या वाट पाहण्यातही डोपामिन स्रवताना दिसलं. ज्यांना शहारे येतच नाहीत त्यांचं काही चुकत नाही, तो अंगाचा गुण आहे.

चुकांनी मात्र प्रतिसाद फारसा बिघडत नाही, ही वादकांना न पटणारी गोष्ट. ऑक्टोबर १९७९ मध्ये बर्नस्टाइनने बर्लिन फिलहार्मोनिकबरोबर नववी वाजवली. आयुष्यात एकदाच त्याने त्या ऑर्केस्ट्रासमोर हात उचलला. शेवटच्या भागाच्या अगदी कळसावर ट्रॉम्बोन वाजलेच नाहीत. ध्वनिमुद्रणात ते भगदाड स्वच्छ ऐकू येतं. तरीही कित्येकांच्या लेखी ते या सिंफनीचं सगळ्यात हेलावून टाकणारं ध्वनिमुद्रण आहे. स्कोअर मांडीवर घेऊन ऐकणारा त्या बारापाशी चमकतो, बाकीच्यांना ओढ पुरते.

आणि गोष्टींचं काय? नववी म्हटली की निरोप, हृदयरोग, मृत्यू हे आधीच सांगितलेलं असतं. १९०७ मध्ये माहलरच्या हृदयातला दोष निदानात आला, १९०९ च्या उन्हाळ्यात ही सिंफनी लिहिली गेली, हे खरं. पण तेवढ्या काळात तो न्यूयॉर्कमध्ये जोमाने कार्यक्रम करत होता आणि १९१० मध्ये दहावीचा आराखडाही त्याने मांडला. मरणाला टेकलेल्या माणसाचं हे वेळापत्रक नव्हे. गोष्टीची ताकद किती असते ते पीटर्सबर्गने एकदा दाखवून दिलंय. २८ ऑक्टोबर १८९३ ला चायकोव्हस्कीने आपली सहावी स्वतः वाजवली. लोकांना ती नावडली नाही, पण ते बुचकळ्यात पडले, असं त्यानेच पत्रात लिहिलं. नऊ दिवसांनी तो गेला. १८ नोव्हेंबरला त्याच शहरात तीच सिंफनी पुन्हा वाजली, तेव्हा बुचकळ्यात पडायला कुणी उरलं नव्हतं. सगळ्यांना अर्थ कळला होता. सूर एकही बदलला नव्हता. म्हणून कार्यक्रमपत्रिका वाचायचीच तर नंतर वाचावी. आधी वाचली की कान पुरावे गोळा करत बसतात.

वाल्टरचं ते १९३८ चं ध्वनिमुद्रण १६ जानेवारीला म्यूझिकफेराइनमध्ये प्रत्यक्ष मैफलीत झालं. ७८ च्या वेगाच्या तबकडीवर चार-साडेचार मिनिटंच मावत, म्हणून सिंफनीचे तुकडे करावे लागले. पहिल्या व्हायोलिनांच्या अग्रभागी अर्नोल्ड रोझे होता, माहलरच्या बहिणीचा नवरा. आठ आठवड्यांनी, १२ मार्चला, जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं. वाल्टर युद्ध संपेपर्यंत परत येऊ शकला नाही, रोझेला लंडन गाठावं लागलं. पुढे तंत्रज्ञांनी त्या तबकड्यांवरची खरखर पुनःपुन्हा साफ केली, आणि दर वेळी मागचे खोकले आणखी स्पष्ट होत गेले. एक जवळचा वाटतो, एक दूरचा, बहुधा बाल्कनीतला. व्हिएन्नात जानेवारीची थंडी होती.